पोपटी सोडून कुठलाही हिरवा

दुपारी जेवणानंतर येते तिला आपल्याकडे झोप म्हणत नाहीत, "जरा पाठ टेकते" म्हणतात. तशी शैलजा म्हैशाळकर जरा पाठ टेकते.

आतल्या खोलीत तिचे यजमान, भालचंद्रराव, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उशांना टेकून पडलेत. गुरुवारी त्यांची बायपास आहे. वैशाखात धाकट्या लेकीचं, मृणालचं, लग्न आहे. कन्यादानाला दोघांनी जोडीनं पाटावर बसायचं, एवढं एकच मागणं शैलजानं देवापुढे ठेवलंय आणि सकाळ-संध्याकाळ ती त्याला आठवण करून देते; त्यालाही कामं असतात. लग्नाच्या साड्यांचा बस्ता ऑपरेशननंतर बांधायचा, असं सगळ्या घरानं ठरवलंय. हा "नंतर" सगळेजण जरा हळू आवाजात म्हणतात.

पंखा फिरतोय. त्याचा आवाज आधी पंख्याचा असतो, मग कोणीतरी घडी झटकून साडी उलगडल्यासारखा होतो. फर्रर्र. पुन्हा फर्रर्र. पाठीखालची गादी ताठ होत जाते. तिच्यावरची पांढरी चादर पलंगाच्या कडेशी संपायला हवी, ती संपत नाही. भिंतीपर्यंत जाते आणि तिथेही थांबत नाही. शैलजा मांडी घालून साडीच्या दुकानात बसली आहे. चपला बाहेर काढलेल्या आहेत. तिला यात काही वावगं वाटत नाही. फक्त अजून कोणी चहा विचारलेला नाही, हे तिला खटकतं.

समोर, जिथं दुकानदाराचा माणूस बसायचा तिथं, तिची मोठी जाऊ प्रमिला बसली आहे. ती जाऊन चार वर्षं झाली.

"हात पुढे कर," जाऊबाई म्हणतात.

"जाऊबाई, तुम्ही?"

"मग कोण? तुझ्या पसंतीवर सोडून चालेल का? आमच्या मनूच्या मुंजीत लिंबू रंग नेसून आली होतीस. सावळ्या बाईनं लिंबू नेसला की बाई दिसतच नाही. नुसतं लिंबू चालत येतं."

आवाज तोच. म्हैशाळकरांच्या घरात साडी घ्यायची म्हणजे जाऊबाईंना न्यायचं, हा कायदा होता. रंगाच्या बाबतीत त्या कोणाचं मन राखत नसत. मुलगी सावळी असली की तिची आई "गव्हाळ आहे हो" म्हणायची; जाऊबाई विचारायच्या, "गहू कुठला, भाजलेला का?" आणि मग अशी काही डाळिंबी काढून तिच्या खांद्यावर टाकायच्या की त्या आईचा राग आरशातच विरघळून जायचा. गोऱ्यापान बाईला फिका गुलाबी त्या घेऊ देत नसत, चेहरा पुसल्यासारखा होतो म्हणून. बारशाला कुठला, संक्रांतीला कुठला काळा, सुनेच्या माहेरच्यांसमोर कुठला, सगळं ठरलेलं. दुखवट्याला भेटायला जाताना साडी फिकी हवी, पण तिला इस्त्री हवी. दुःख दिसायला पाहिजे, आबाळ नको.

"कशासाठी बघायची?" शैलजा विचारते.

"कार्यासाठी."

"मृणालच्या?"

जाऊबाई एक घडी सारखी करतात. ती आधीच सारखी असते.

गादीवर दूरपर्यंत बायका बसल्या आहेत, सगळ्या पाठमोऱ्या. साडीच्या दुकानात इतक्या बायका बसल्यात आणि एकही बोलत नाही. पदर दाखव, दुसरा रंग काढा, फार सांगताय, काही नाही. सगळ्यांनी हिरवं नेसलंय. सगळ्यांचे केस नुकत्याच न्हाल्यासारखे ओले आहेत आणि पाणी टिपटिप त्या पांढऱ्या चादरीवर पडतंय. चादर मात्र ओली होत नाही.

शैलजा बघायचं थांबवते. "या कोण?"

"गिऱ्हाईकं. तू तुझं बघ." जाऊबाई पुढे वाकतात. त्यांच्या अंगावरची साडी आता शैलजाला नीट दिसते. झगझगीत पोपटी. काठाला पिवळी जर.

"हं, बघ," जाऊबाई म्हणतात. "बघून घे. कावीळ होऊन गेलेली बाई मी. चेहरा हळदीचा, डोळे हळदीचे, आणि नेसवली काय, तर पोपटी. सवाष्ण गेली, हिरवं नेसवायचं, हे तुझ्या दिरांना बरोबर आठवलं. हिरव्यात कुठला, ते नाही आठवलं. पेठेत जे दुकान पहिलं उघडं दिसलं तिथली पहिली हिरवी. शेजारच्या बायका म्हणाल्या, भाग्याची गेली. म्हटलं, आधी माझ्याकडे नीट बघा तरी."

"छान दिसत होतात तुम्ही," शैलजा म्हणते.

"खोटं बोलू नकोस. मी तिथंच होते."

शैलजा काठाच्या पिवळ्या जरीकडे बघते.

"तेव्हापासून हीच अंगावर आहे," जाऊबाई सांगतात. "बदलून मिळत नाही. तुझी अशी फजिती नको, म्हणून आधीच आले."

"आधी? कशाच्या आधी, जाऊबाई?"

फर्रर्र. जाऊबाई उत्तराऐवजी साडी उलगडतात. मेंदी. तिच्या दंडावर टाकतात, मान हलवतात, बाजूला करतात. शेवाळी. "ही तुला मळकट करेल." मग बाटलीहिरवी, बारीक काठाची. कापड थंडगार आहे. ते तिच्या दंडावरून खाली सरकतं आणि हातावर येऊन थांबतं.

"ही चालेल," जाऊबाई म्हणतात. "सावळ्या रंगाला गर्द हिरवा धरून ठेवतो. झोपलेली असलीस तरी चांगली दिसशील. चल, उजेडात बघू."

शैलजाला उजेडात जायचं नाही. पण साडी उजेडात बघायची असते, ही सवय भीतीपेक्षा जुनी आहे. ती उठते.

दुकानाच्या दारापलीकडे पेठ नसते. लांबलचक व्हरांडा असतो, फिनेलचा वास असतो आणि वर ट्यूबलाइट. "ट्यूबच्या उजेडात रंग कधी पारखू नये," जाऊबाई नाराजीनं म्हणतात. व्हरांड्यात स्ट्रेचरवर भालचंद्रराव आहेत. त्यांच्याजवळ उभा असलेला माणूस दुकानातल्यासारखी मनगटं झटकून एक पांढरं कापड हवेत उलगडतो. फर्रर्र. ते हळू हळू खाली येतं आणि भालचंद्ररावांच्या हनुवटीशी थांबतं. ते शैलजाकडे बघत नाहीत. छताकडे बघत आहेत, लक्ष देऊन, तिथं काही लिहिलेलं असावं तसं.

"अहो," ती हाक मारते. आवाज कापडाच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो.

"त्यांना ऐकू जाणार नाही. त्यांना आत घ्यायचंय," जाऊबाई म्हणतात. "तू रंग बोल."

"हिरवी नाही घेतली तर?"

"मग दुसरी." जाऊबाईंच्या दुसऱ्या हातावर एक साडी आहे. ती तिथं केव्हापासून आहे ते शैलजानं पाहिलेलं नाही. राखाडी. काठ नाही, जर नाही, बुट्टा नाही. जाऊबाई ती तिच्या खांद्यावर टाकतात आणि तिला आरशापुढे उभी करतात. आरसा व्हरांड्याच्या भिंतीवर आहे. त्यात व्हरांडा दिसतो, शैलजा दिसते, स्ट्रेचर दिसत नाही.

आणि ती राखाडी तिला शोभते. तोंडावर असा काही तजेला येतो, डोळे असे काही उठून दिसतात, की तिला स्वतःचीच लाज वाटते.

"हीच तर अडचण आहे," जाऊबाई हळू म्हणतात. "मी रंगाबद्दल खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. हिरवी तुला बरी दिसते. ही जास्त शोभते. पुष्कळ वर्षं चालेल, कापड टिकाऊ आहे. तू म्हणशील ती बांधते."

मागून त्या ओल्या केसांच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्यात. अजून पाठमोऱ्याच, पण जवळ.

शैलजा राखाडी खांद्यावरून काढते. ती निघता निघत नाही. पदराचं टोक ब्लाउजला धरून बसतं. ती ओढून काढते आणि जाऊबाईंच्या हातात ठेवते.

"मला वधूमाईची दाखवा," ती म्हणते.

"शैला."

"वैशाखात लग्न आहे. मी आणि हे पाटावर बसणार. त्याची दाखवा."

जाऊबाई पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघतात. पोपटी रंगात त्यांचा चेहरा फारच पिवळा दिसतो. "आमसुली घे," त्या नाइलाजानं म्हणतात, कारण विचारल्यावर रंग न सांगणं त्यांना जमत नाही. "जांभळ्या काठाची. तुला ती. पण ती इथं नाही मिळत. ती तुमच्याकडे मिळते. इथं ह्या दोनच."

"मग हिरवी बाजूला काढून ठेवा."

"काय?"

"बाजूला ठेवा. मी नंतर येऊन नेते."

ही युक्ती शैलजा त्यांच्याकडूनच शिकली आहे. घ्यायची नसेल तर नाही म्हणू नये, दुकानदाराचा चेहरा पडतो. बाजूला ठेवा म्हणावं आणि शांतपणे चपला घालाव्यात. पेठेत निम्मी कपाटं अशा बाजूला ठेवलेल्या साड्यांनी भरलेली असतील. जाऊबाईंच्या ओठांवर अगदी किंचित हसू येतं. मग ते जातं.

"ठेवते. पण इथं ठेवली की तुझ्या नावाची होते. दुसरीला दाखवत नाहीत."

"चालेल."

"आणि राखाडी?"

"ती उचला."

"खूण दे काहीतरी. नुसत्या शब्दावर इथं ठेवत नाहीत."

शैलजाजवळ पिशवी नाही, पर्स नाही. ती हात पुढे करते. जाऊबाई तिच्या डाव्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्यांपैकी एक दोन बोटांनी धरतात. त्यांची बोटं ओली आहेत. बांगडी हातावरून अशी उतरते, जणू आत हाडच नाही.

"भाऊजींना सांग," जाऊबाई घडी घालता घालता म्हणतात, "कधी वेळ आलीच तर पोपटी सोडून कुठलीही..."

फर्रर्र.

पंखा फिरतोय. खिडकीत चारचं ऊन आहे. शैलजा धडपडत उठते आणि आतल्या खोलीच्या दारात जाते. भालचंद्रराव उशांना टेकून छताकडे बघत आहेत.

"अहो."

ते मान वळवतात. "कोळ्यानं जाळं केलंय बघ तिथं. मघापासून बघतोय."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहते.

"उद्या आपण बस्त्याला जाऊ," ती म्हणते.

"ऑपरेशननंतर ठरलंय ना?"

"नंतर गर्दी असते. मला आमसुली घ्यायची आहे, जांभळ्या काठाची. तुम्ही गाडीत बसून राहा, मी उजेडात आणून दाखवते."

"मला काय कळतंय त्यातलं? वहिनी असत्या तर..." ते बोलता बोलता थांबतात. "एकच बांगडी कशी गं हातात? वाढवलीस का?"

"हो," शैलजा म्हणते. "झोपेत."

ती परत येते आणि पलंग झाडते. चादर, उशीचा अभ्रा, गादीखाली, पलंगाखाली. काचेचा एक कणही नाही. मग मोरीत जाऊन ती नळाखाली हात धरते आणि राहिलेली बांगडी काढून बघते. ती अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडकते. ती साबण लावते, हाताची बोटं जुळवून मिटते, दात-ओठ खाऊन ओढते. मनगट लाल होतं, हाड दुखू लागतं.

बांगडी तिथून पुढे सरकत नाही.