नुब्राच्या व्हिडिओवर दुतार

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं! आमच्या लडाख ट्रिपच्या जुन्या व्हिडिओला मी उइगुर लोकांचं पारंपरिक संगीत लावत होते. त्यांचा तो दोन तारांचा दुतार वाजायला लागला आणि गाडीबाहेरची नुब्रातली पॉप्लरची झाडं जणू त्याच तालावर पळायला लागली! उइगुरांचा मुलूख मी कधी पाहिलेलाही नाही, तरी घरची आठवण आल्यासारखं झालं. मग व्हिडिओचा मूळ आवाज बंद करायला गेले, तर मागच्या सीटवरून बाबा म्हणतायत, "अगं, शूटिंग राहू दे, आधी कान बांध! वारं शिरेल!"

बाबांना जाऊन आता वर्ष झालं.

तेवढ्या वाक्यापुरता मी दुतारच हळू केला. तुमच्याही एखाद्या व्हिडिओत असं कुणी अचानक बोललंय का हो?