आईच्या बोटाची दोन रुपयांची नोट

मंडळी, आज सकाळी मी एका भल्या माणसावर खेकसले.

माझ्याकडं पन्नासच्या दशकातली दोन रुपयांची नोट आहे. माझ्यामागं ती सांभाळायला कुणी नाही, म्हणून मंगळवार पेठेतल्या जुन्या नोटांच्या व्यापाऱ्याला दाखवली. त्यानं फोटो परदेशातल्या संग्राहकांना पाठवले आणि आज उत्तर घेऊन आला.

“काकू, टाचणीची भोकं त्येस्नी चालत्यात. बँका नोटांच्या गड्ड्या टाचायच्या, तवा भारतातली नोट म्हटल्यावर भोकं असणारच, ह्ये त्ये धरूनच चालत्यात. पण ह्यो लाल डाग न्हाय चालत. बिनडागाची दुसरी हाय का, इचारलंय.”

“दुसरी कुठली? वडिलांच्या पहिल्या पगारातली ही एकच नोट आईनं जपली. दर लक्ष्मीपूजनाला तिला कुंकवाचं बोट लावायची. डाग म्हणे! जा तू!”

महिन्याभरात या घरात आलेला तो पहिला माणूस. चहा न घेताच गेला. घालवला मीच की.

नोट डब्यात ठेवताना डागावर बोट टेकवून बघितलं. आईचं बोट माझ्यापेक्षा बारीक होतं. हे माहीत असलेली आता मी एकटीच.

माझ्यानंतर तो नुसता डागच ना हो?