ती शेळीशी बोलायची तसं

त्या सकाळी मी शेळीचे मागचे पाय धरले आणि बायकोनं धार काढली. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. दुपारी चुलीपुढं बसल्या जागी ती कलंडली, आणि संपलं.

शेळी चाकणच्या बाजारातली, पण तिला कानडीच कळायची. बायको माझी विजापूरकडची. मी रेल्वेच्या लाईनीवर तिकडं कामाला होतो तेव्हा लगीन झालं, आणि तिला चिंचवडला आणली. अख्खा जन्म इथं गेला, तरी मराठी बोलायच्या आधी तिचे ओठ हलायचे. आधी तोंडातल्या तोंडात म्हणून बघायची, मग बाहेर काढायची. मध्येच चुकल्यासारखं वाटलं की थांबायची, मागं यायची, पायात काटा मोडल्यासारखी. दुकानात जाताना वाटभर "गूळ द्या, गूळ द्या" घोकायची. एकदा दुकानदारानं विचारलं, "काळा का पिवळा?" त्याची तयारी नव्हती. ती तशीच परत आली, अंगणात उत्तर घोकलं, मग पुन्हा गेली.

पिंपरीच्या कॅम्पात सिंधी लोक आले, तेव्हा त्याच दुकानात एक सिंधीण ओठ हलवत उभी दिसली. हिनं बरोबर ओळखलं. तिचा हात धरून म्हणाली, "सावकाश, बाई. चुकलं तरी गूळ मिळतो." दुसऱ्याला सांगणं सोपं असतं.

शेळीशी मात्र ती कानडीत भडाभडा बोलायची. रागवायची, हसायची, गाऱ्हाणी सांगायची. आधी ओठ हलणं नाही, मागं येणं नाही. मी बाजूला बसून ऐकायचो. सगळं कळत नव्हतं, पण तो आवाज हवासा वाटायचा. त्या आवाजात तिनं माझ्याशी एकदा तरी बोलावं, एवढीच माझी हाव.

त्या सकाळी पाय धरून बसलो असताना विचारलंच, "माझ्याशी का गं अशी बोलत न्हाईस?"

"शेळी चुका काढत न्हाई."

"मी कधी काढल्या?"

तिचे ओठ हलले. मी थांबलो. थांबायची सवयच होती.

"तुमी न्हाई," ती म्हणाली. "मीच काढते. सोडा आता तिचे पाय. झाली धार."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी ओरडत होती. कास तटतटली होती. शेजारीण भाकरी घेऊन आली होती, ती धार काढायला बसली तर शेळीनं लाथ झाडली.

"तुमच्या शेळीला माणूस कळत न्हाई, मामा."

"कळतंय," मी म्हणालो, "म्हणून तर."

मी खाली बसलो. "सुम्न निंद्र," म्हणजे गप उभी राहा, असं बायको तिला रोज म्हणायची. ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. तिचं असं नव्हतं. पुन्हा म्हटलं. हेल चुकला, मागं आलो. मग मोठ्यानं म्हणालो.

शेळीनं कान टवकारले आणि दाराकडं बघितलं. मीबी बघितलं. मग धार काढली.