जजबाई भाकरी शिकायला यायच्या

ये गं पोरी, अशी जवळ बस. जज झालीस म्हणून मावशीला इसरायचं व्हय? आन् झोप लागत न्हाई, हे डोळ्यांवरनंच दिसतंय, पर कुणाला सांगत बी न्हाईस!

बीडला आमच्या शेजारी एक जजबाई राहायच्या. मनानं लई खचल्या होत्या. जजांशी फोनवर बोलणारी एक मनाची डॉक्टरीण होती, ती कुणाचं नाव बाहेर जाऊ द्यायची न्हाई. पण बंगल्यात शिपाई, ड्रायव्हर. कोर्टात बातमी गेली तर, ही बाईंना धास्ती. मग त्या माझ्या स्वयंपाकघरातून फोन करायला लागल्या. ड्रायव्हरला सांगितलं, भाकरी शिकतात. त्या आत बोलायच्या, मी दारापाशी परातीत धपाधप भाकऱ्या थापायची, म्हंजे बाहेर काही ऐकू जाऊ नये.

एकदा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमच्या हातची द्या की!"

आली का पंचाईत! बाईंनी थापली. कडा फाटलेल्या, मधे कच्ची. त्यानं सगळी खाल्ली आन् म्हणाला, "मॅडम, अजून बरेच दिवस यावं लागंल."

बाई पोट धरून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता त्या छान हायेत. त्यांनीच सांगितलं, कुणाला उपयोग होत असंल तर माझी गोष्ट सांगा. तू बी त्या डॉक्टरणीला फोन लाव, पोरी. घरी बोलता येत नसंल तर इथं ये. येत्या रविवारीच ये.