उपरण्याखालचा भाव

घोडेगावच्या बैलबाजारात तो दलाली करायचा. बाजाराच्या दिवशी दुपारी आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर टेकायचा आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांची चाल बघत राहायचा. त्या वर्षी आम्ही धडधाकट माणसांनाही तपासू लागलो होतो. चाळिशी उलटलेल्यांचा रक्तदाब मी बघायचे.

एका बाजारी त्यालाही आत बसवून वय विचारलं, तर बैलाचं वय दातांवरून बघतात तसे त्यानं आ वासून दातच दाखवले. मला हसू आलं. रक्तदाब मात्र फार चढलेला निघाला. नाडी बघायला मी मनगट धरलं, तसं त्यानं सवयीनं खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर ओढलं. बाजारात भाव असाच ठरतो, उपरण्याखाली बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता.

बाहेर बैलांच्या घंटा पाण्याखाली वाजल्यासारख्या वाजत होत्या. त्याची नाडी मधेच एखादा ठोका चुकत होती.

"बाई, काय आसंल ते बोटानंच सांगा," तो कुजबुजला. "बायको दारात बसलीय."

मला ती बोटांची भाषा येत नव्हती. मी नुसता त्याचा हात घट्ट धरला. त्या दाबावरूनच त्यानं काय ते ओळखलं.

मग उपरणं झटकून त्यानं दाराकडं हाक दिली, "चल गं, पसंत पडला बैल!"