अण्णांनी बांधलेलं चाक

मोडनिंबहून निघताना अण्णांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. गाडी हायवेला लागली तरी ते समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघत होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत दोन धोतरं, चष्म्याचं घर आणि आईचा पानाचा डबा. नवरा गाडी चालवत होता, मी मागच्या सीटवर. घराला कुलूप घालून किल्ली शेजारी देऊन आलो होतो. रडायला एवढं निमित्त होतं, पण आम्हा बापलेकींपैकी कुणीच रडलं नाही. मोहोळ यायच्या आत माझ्या डोक्यात भट्टीत लावायच्या राहिलेल्या कपांचा विचार सुरू झाला होता.

मागं, पत्र्याच्या शेडमध्ये, आमचं चाक बांधलेलं होतं. कुंभाराच्या घरी माणूस गेलं की चाक बांधायचं, ही आमच्याकडची रीत. चाकाला दोरीचे वेढे घालायचे, दोरीचं टोक खुंटीला बांधायचं, आणि सुतक फिटेपर्यंत ते कुणी हलवायचं नाही. मग घरातल्या कर्त्या माणसानं नारळ फोडून ते सोडायचं. आई गेली त्या दिवशी अण्णांनी चाक बांधलं. तेरावं झालं, पाहुणे गेले, पण त्यांनी ते सोडलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "सोडून कुणासाटनं फिरवू?" तेव्हा मी त्यांना सोलापूरला घेऊन आले.

गावाकडच्या मंडळींनो, तुमच्यातले जे मोडनिंबातच राहिले, त्यांना हे ठाऊकच आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्यासाठी लिहिते आहे. आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही, कारण त्या दिवसांत मला काय वाटत होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुतेक काहीच वाटत नव्हतं.

मी स्वतः घर सोडलं ते लग्न होऊन. नवऱ्याची नोकरी सोलापुरात. एसटीत बसवायला आई आली होती. तिनं माझ्या हातात रंगाच्या पुड्या दिल्या होत्या, गेरू आणि पिवडी. लग्नघरच्या मडक्यांवर आम्ही दोघी त्यानंच नक्षी काढायचो. "चाक त्यांचं, रंग आपला," हे तिचं नेहमीचं बोलणं. आमच्या घरात बाईनं चाकावर बसायचं नाही. माती तुडवायची, मडकी थापटायची, रंगवायची, आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लावायला मदत करायची, डोक्यावर घेऊन बाजाराला जायचं. सगळं बाईनं. फक्त चाकावर बसायचं नाही. पोरीनं हात लावला तर आवा कच्चा निघतो म्हणत. लहानपणी मी एकदा चाक फिरवायची काठी घेऊन चाकाजवळ गेले, तर अण्णा ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "पोरीचं चाक नसतंय." एवढ्या शांतपणे म्हणाले की पुन्हा जायची इच्छाच झाली नाही.

मग चाक मी शिकले कुठं? तर सोलापुरात, एका बाईंच्या उन्हाळी क्लासमध्ये, जिथं बाकीच्या सगळ्या हौस म्हणून आल्या होत्या. माझं आडनाव ऐकून बाई म्हणाल्या, "मग तुला काय शिकवायचं!" मला मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर बसवायलाच कितीतरी दिवस लागले. कुंभाराची पोर असून.

आता आमच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्ये माझा स्टुडिओ आहे. पोर्चला जाळी लावून घेतली, स्कूटर रस्त्यावर गेली, आणि तिच्या जागी विजेवरचं चाक आलं. मागच्या बाजूला छोटी इलेक्ट्रिक भट्टी. माती पोत्यांतून तयार येते, चाळायला नको, तुडवायला नको. मी कप करते, प्लांटर करते, भिंतीवरच्या प्लेट करते. इन्स्टावर ऑर्डर येतात. लोकांना 'अर्दी', मातकट रंग हवे असतात, म्हणजे आमच्या आव्यातून जे फुकट निघायचं तेच. शनिवारी शिकायला येणाऱ्या बायकांची बॅच असते. पाणी येण्याच्या दिवशी बॅच आली तर मात्र पंचाईत; एकीकडे टाकी भरायची, एकीकडे बायकांच्या हातांतली माती. प्रोफाइलवर मी लिहिलं आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा कुंभारवारसा. विद्यार्थिनींना ते फार आवडतं. त्यांना वाटतं, बापानं मांडीवर घेऊन शिकवलं असणार.

आई एकदाच स्टुडिओ बघायला आली होती. चाकाचं बटण दाबलं तशी दचकली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आगं, हे तर मिक्सरवानी हाय की!" अण्णांना सांगू का विचारलं, तर म्हणाली, "मी सांगते, तू नगं." तिनं सांगितलं की नाही मला कधी कळलं नाही. अण्णांनी कधी विचारलं नाही, आणि सोलापूरला आले तरी दवाखान्यापुरते, पोर्चमधून आत आणि आतून बाहेर.

ती गेली तेव्हा मी मोडनिंबला होते. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक. ते संपल्यावर मी एका ऑर्डरसाठी सोलापूरला आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाकावर बसले. दहाव्याला, तेराव्याला पुन्हा जाऊन आले. मधल्या दिवसांत चाक चालूच. शनिवारची बॅचसुद्धा घेतली. विद्यार्थिनींपैकी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या हळहळल्या असत्या, आणि हळहळणाऱ्या माणसापुढे काय चेहरा करायचा ते मला सुचत नव्हतं. हात आपलं काम करत होते. कप चांगले निघाले, नेहमीपेक्षा सारखे निघाले. आपल्याला रडू कसं येत नाही, याचं थोडं नवल वाटायचं, मग तेही वाटेनासं झालं.

अण्णा आले आणि हॉलमध्ये खुर्चीवर बसू लागले. टीव्ही चालू असायचा, पण बघत नसत. नळाला पाणी आलं की हाक मारायचे, "आलं गं पाणी." तेवढंच बोलणं. बाहेर जाताना पोर्चमधूनच जावं लागतं. मी चाकावर असले तर ते भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता निघून जायचे. फिरून येतानाही तसंच. मी कामाची वेळ मुद्दाम त्यांच्या फिरायच्या वेळेला आणली. लाज सोडून सांगते, मला एवढंच हवं होतं: अण्णांनी एकदा थांबून मला चाकावर बसलेलं बघावं. बरं म्हणू नये, वाईट म्हणावं हवं तर, पण बघावं. त्यांनी बघितलं नाही. नवरा म्हणाला, "वय झालंय, सोडून दे." मी सोडून दिलं, म्हणजे तसं त्याला सांगितलं.

एका शनिवारी सकाळी बॅचची तयारी करायला पोर्चमध्ये आले, तर चाक बांधलेलं. प्लग काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली, चाकाला सुतळीचे वेढे घातलेले, आणि सुतळीचं टोक जाळीच्या दाराला. गाठ अण्णांची, ती मी कुठंही ओळखीन. अण्णा पायरीवर बसले होते.

"अण्णा, हे काय?"

"चाक फिरत हुतं."

"मग?"

"घरातली बाई गेली. आन् चाक फिरत हुतं."

मला राग आला. कित्येक आठवड्यांत मला पहिल्यांदा काहीतरी आलं, तो राग होता. मी म्हणाले, माझं सुतक तीन दिवसांचं होतं, ते मी पाळलं. हे माझं चाक आहे, विजेचं, दुकानातून आणलेलं, तुमच्या घरचं नाही. तुम्हीच म्हणाला होता ना, पोरीचं चाक नसतं! आवाज वाढला असावा, कारण समोरच्या बाई गॅलरीत आल्या.

अण्णांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "आपल्या घरचं नसतं तर बांदलं कशाला असतं?"

मी तिथंच मातीच्या पोत्यावर बसले. इतके दिवस ते भिंतीकडे तोंड करून जात होते. मला वाटत होतं, लेकीला चाकावर बघवत नाही म्हणून. त्यांना सुतकात फिरणारं घरचं चाक बघवत नव्हतं.

तेवढ्यात बॅच आली. सगळ्यात आधी श्रीलता, नेहमीप्रमाणे. हिचं माहेर विणकरांचं, घरी तेलुगू बोलतात. सुतळी बघून म्हणाली, "मॅडम, मोटर बिघडली का?"

"नाही. आई गेली माझी."

"अय्यो! कधी?"

मी महिना सांगितला. तिनं बोटांवर हिशेब केला. मधल्या सगळ्या शनिवारी ती माझ्यासमोर बसून वाट्या करत होती. चप्पल काढून माझ्याशेजारी फरशीवर बसली, मग बाकीच्याही आल्या आणि बसल्या. अण्णांनी आत जाऊन सगळ्यांना पाणी आणलं. मोडनिंबला आमच्या अंगणात बायका बसल्या होत्या तशाच या बसल्या, फक्त ॲप्रन घालून. तिथं मी रडले नव्हते, इथं रडले. फार नाही, पण रडले.

अण्णांनी त्या दिवसापासून या चाकासाठी नवे दहा दिवस धरले. मी ऑर्डरवाल्यांना कळवलं, घरात सुतक आहे. एकानं उलट लिहिलं, टेक युअर टाइम. दहाव्यानंतर अण्णांनी मला सकाळीच आंघोळ करायला लावली, चाकाला कुंकू लावलं, नारळ माझ्या हातात दिला. मी म्हणाले, कर्त्या माणसानं सोडायचं असतं. ते म्हणाले, "मग सोड की."

मी नारळ फोडला. गाठ कडक होती. नखं दुखली. त्यांनी मदत केली नाही. सुटल्यावर प्लग लावला, गोळा घेतला, बसले. पहिलं भांडं गेलेल्या माणसाचं असतं, ते भाजत नाहीत. मी पाणी प्यायचं छोटं मडकं केलं, आईच्या ओंजळीएवढं. मानेशी जरा वाकडं झालं. अण्णा हॉलमधली खुर्ची उचलून घेऊन आले, माझ्या समोर ठेवली आणि बसले. मडकं उतरेपर्यंत ते बघत होते. मी हात पुसून त्यांच्याकडे बघितलं, तर म्हणाले, "दुसरं लाव."

कुणी विचारलं की घर कुठलं, तर पूर्वी मी मोडनिंब म्हणायचे, आणि त्या बोलण्यात थोडी फुशारकी असायची. सोलापुरात माझ्याकडे हॉल होता, किचन होतं, कर्जाचे हप्ते होते, पण त्याला घर म्हणायला जीभ अडायची. आता अडत नाही. माणूस गेल्यावर ज्या जागी काम थांबवावं लागतं, ती जागा घरच असते. माझी जागा थांबायला उशीर झाला, एवढंच. अण्णा अजून परत जायचं म्हणत नाहीत, राहायचंही म्हणत नाहीत. रोज सकाळी खुर्ची मात्र पोर्चमध्ये नेऊन ठेवतात.