उतार मोजणारे मामा

सरकारी कचेरीत काम घेऊन जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण कचेरीच्या पायऱ्या मोजायला जाणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. बांधकाम खात्यातले हे ओव्हरसियर रॅम्पला लागले. एक फूट चढायचं तर बारा फूट उतार हवा, हा त्यांचा गुरुमंत्र. रॅम्पच्या माथ्यावरून काचेची गोटी सोडायची आणि शेजारून चालायचं. गोटी फार पुढे पळाली की रॅम्प नापास. वरोरकडच्या एका दवाखान्यात रॅम्पवर कुंड्या मांडलेल्या पाहून त्यांनी डॉक्टरांना अदबीनं विचारलं होतं, "यांना काय होतंय?" कोसबाडला एका लग्नात वधूपित्याला बाजूला घेऊन म्हणाले, "स्टेज तीन फूट, म्हणजे छत्तीस फूट उतार लागणार." त्यावर मामी म्हणाल्या, "मग नवरीला पार मसोली गावापासूनच चढायला सांगा!"

त्याच सुमारास सरकारदरबारी अपंगांचे दिव्यांग झाले. फलक बदलले, पायऱ्या तेवढ्याच राहिल्या. एकदा माझ्या एका दाखल्यासाठी मी मामांबरोबर तलासरीकडच्या एका कचेरीत गेलो होतो. डोंगराकडच्या गावातली रखमी नावाची बाई, लहानपणापासून पाय अधू, हातांत चपला घालून पायऱ्या चढत होती. शेजारी रॅम्प होता, पण भिंतीलाच थोडं तिरकं उभं केल्यासारखा.

"बाई, तू इथंच बस," मामा म्हणाले. "कचेरी खाली येईल."

"नको बाबा, साहेब रागवंल."

मामा तरातरा आत गेले. 'दिव्यांगांसाठी सोय आहे काय?' या रकान्यात साहेबांनी 'होय' लिहून अहवाल वर पाठवला होता. मामा म्हणाले, "होय ना? मग एकदा चढून दाखवा." कपाटामागून व्हीलचेअर निघाली, तिचं प्लास्टिकही फाडलं नव्हतं. साहेब बिचारे भले, खरंच बसले. दोन शिपायांनी ढकललं, अर्ध्यावर खुर्ची मागे सरकायला लागली आणि साहेबांनी मामांची कॉलर घट्ट धरली. शिपाई हसले नाहीत, पण त्यांना फार कष्ट पडले.

खाली उतरल्यावर साहेबांनी शेवटच्या पायरीवर बसूनच रखमीचा दाखल्याचा अर्ज घेतला.

पुढे काही महिन्यांनी नवा रॅम्प मंजूर झाला. साहेबांची जीप उभी राहायची त्या जागेतून वळसा घेत तो वर गेला. गवंडी काम टाकून पळून जाईल इतका वाद मामांनी रोज उन्हात उभं राहून घातला.

तो तयार झाल्यावर मामा मलाही बघायला घेऊन गेले. त्याच दिवशी रखमी दाखल्याची चौकशी करायला तीनचाकी सायकलवर आली. कुणाला हात लावू न देता मामा खाली उभे राहिले. ती दम खात, थांबत, एकटी वर गेली आणि दारातून आत दिसेनाशी झाली. पाव तासानं बाहेर आली.

"काम झालं?" मामांनी विचारलं.

"नाय. साहेब मीटिंगला गेलं. उद्या ये, असा सांगला." आणि ती तोंडभर हसली. "सगळ्यांना तसाच सांगला!"

परतताना डहाणू आलं तसे मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, उद्या पुन्हा येऊ या का? तिचं काम होतंय का बघू." मला रजा नव्हती, म्हणून ते एकटेच गेले. रजेचं काय, ती मिळालीही असती. मागितली असती तर.